विंगरचा लेफ्ट बॅक होतो तेव्हा

३० जून २००६. यवतमाळ. रात्रीचे साडेबारा वाजलेत, टीव्हीचा आवाज शून्यावर आहे, आणि दहावी नुकतीच पार पडल्यामुळे मला घरात थोडीफार इज्जत आहे. आई मात्र आतल्या खोलीतून दर दहा मिनिटांनी, "झोपतं का नाही बाप्पा आता?" वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, इटली विरुद्ध युक्रेन. सहाव्याच मिनिटाला इटलीच्या एका फुल बॅकनं लांबून डाव्या पायानं बॉल हाणला आणि तो थेट जाळ्यात. झांब्रोता. जानलुका झांब्रोता.

दुसऱ्या दिवशी पोस्टल ग्राउंडवर हे सांगायला गेलो तर तिथे नेहमीप्रमाणे टेनिस बॉल क्रिकेट चालू. "काहून जागून राह्यला बे?" एवढीच प्रतिक्रिया. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे नागपूरचा खेळ. असो.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न होता. बचाव करणारा माणूस असा पुढे येऊन गोल कसा काय मारतो? उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. हा गडी मुळात बचाव करणारा नव्हताच. बारीमध्ये आणि नंतर युव्हेंटसमध्ये तो कडेनं पळणारा विंगर. मग युव्हेंटसनं पावेल नेदवेद घेतला, आणि काही काळानं कोच मार्चेल्लो लिप्पीनं याला उचलून लेफ्ट बॅकला ठेवलं. इटलीत ही परंपराच आहे म्हणा. १९६०च्या दशकात इंटरच्या हेलेनियो हेरेरानं जाचिंतो फाक्केत्ती या तरुण फॉरवर्डला लेफ्ट बॅक केलं आणि तो जगातल्या सर्वोत्तम लेफ्ट बॅकपैकी एक झाला. पण असं सांगताना आपण नेहमी शेवटापासून सांगतो. ज्या सोमवारी कोच खांद्यावर हात ठेवून "उद्यापासून तू मागे खेळ" म्हणतो, त्या सोमवारी त्या पोराला काय वाटत असेल?

आज मला लिहायचंय ते अशाच एका आपल्याकडच्या पोराबद्दल. मंदार राव देसाई. म्हापशाचा, जन्म १८ मार्च १९९२.

डावीकडचा विंगर. २०१३ मध्ये तो डेंपोत आला. डेंपो म्हणजे त्या काळचं भारतीय फुटबॉलमधलं बडं प्रस्थ. राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदं, त्यातलं शेवटचं २०११-१२चं. पण मंदार पोचला तेव्हा सूर्य कलायला लागला होता. गोव्याचे मोठे क्लब खाण उद्योगातल्या घराण्यांच्या पैशावर उभे होते आणि २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. २०१४-१५च्या हंगामात डेंपो आय-लीगमधून खाली घसरला. २०१६ मध्ये तर डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा, तिघांनीही आय-लीगला रामराम ठोकला. (डेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत आला, पण मध्ये किती खेळाडूंची उमेदीची वर्षं गेली.)

मंदारच्या सुदैवानं २०१४ मध्ये आयएसएल सुरू झालं आणि तो एफसी गोवाच्या संघात गेला. कोच कोण, तर साक्षात झिको! पहिल्या काही हंगामांत आम्ही ऑफिसातले चार-पाच जण बालेवाडीला पुण्याच्या मॅचेस बघायला जायचो. गोव्याची मॅच होती तेव्हा मी मंदारला पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. टीव्हीवर विंगर कळत नाही हो. कॅमेरा बॉलच्या मागे असतो आणि विंगर बहुतेक वेळ बॉलपासून लांब, रेषेला चिकटून उभा. हात वर करून पास मागतोय, पास येत नाहीये, परत जागेवर. स्टँडमधून हे सगळं दिसतं. नव्वद मिनिटांत त्याला स्वतःच्या मनासारखं पळायला मिळतं ते जेमतेम सात-आठ वेळा. त्या सात-आठ धावांसाठी तो जगतो.

मग २० डिसेंबर २०१५. फातोर्डा, फायनल, समोर चेन्नईयिन, आणि त्यांचा कोच मार्को मातेरात्झी. हो, तोच, २००६च्या फायनलमध्ये झिदानची ढुशी खाल्लेला. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ पुढे. अख्खं स्टेडियम उभं. पण नव्वदीच्या आसपास गोलकीपर कट्टीमणीकडून स्वयंगोल, आणि इंजुरी टाइममध्ये मेंडोझाचा गोल. २-३. मी पुण्यात सोफ्यावर बसून सुन्न झालो होतो, तर गोव्याच्या लोकांचं काय झालं असेल.

पुढच्या वर्षी गोवा थेट शेवटच्या नंबरवर. (त्याच वर्षी आपला झांब्रोता दिल्ली डायनामोजचा कोच होऊन भारतात आला होता आणि संघाला सेमीफायनलपर्यंत घेऊन गेला. दहावीतल्या मला हे कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.) झिको गेला, २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा आला. लोबेराचा खेळ म्हणजे बॉल आपल्याकडे ठेवायचा, गोलकीपरपासून छोट्या छोट्या पासांनी वर आणायचा. या पद्धतीत विंगरचं जुनं काम संपतं. पुढचे लोक कडेला उभे न राहता आत, मधे सरकतात. कडेची गल्ली रिकामी पडते आणि त्या गल्लीतून मागून पळत यायचं असतं फुल बॅकनं. म्हणजे त्याला पायात बॉल हवा, फुप्फुसात दम हवा, आणि बॉल गेला की उलट साठ मीटर पळत यायची तयारी हवी. २०१८-१९ मध्ये मंदार लेफ्ट बॅकला दिसायला लागला. वय २६.

इथे थोडं स्वतःबद्दल. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला एका कंपनीत नव्या प्रॉडक्टच्या टीममधून काढून सपोर्टला टाकलं होतं. रात्री तीनला फोन येणार, दुसऱ्याने लिहिलेला कोड आपण निस्तरायचा, आणि सगळं नीट चाललं तर कोणाला कळणारही नाही. मॅनेजरनं पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये सांगितलं, कारणही धड दिलं नाही. मी सहा महिने चिडून होतो. काम वाईट केलं नाही, पण चिडून केलं. त्या काळात गोव्याच्या जुन्या मॅचेस बघताना माझी नजर आपोआप चार नंबरी बचावफळीच्या डाव्या टोकाला जायची. हा माणूस चिडलेला दिसत नव्हता. किंवा चिडला असेल, पण चिडायला वेळ मिळत नसेल. तिथे चूक केली तर गोल होतो.

लेफ्ट बॅक म्हणूनच त्याच्या वाट्याला भारताचा तो प्रसिद्ध सामना आला. १० सप्टेंबर २०१९, दोहा, समोर आशियाई विजेता कतार. छेत्री आजारी. बॅक फोरच्या उजव्या टोकाला मुंबईचा राहुल भेके, डाव्या टोकाला म्हापशाचा मंदार. गुरप्रीतनं गोलमध्ये काय काय अडवलं ते यूट्यूबवर जरूर बघा. ०-०. विंगर म्हणून तो त्या रात्री मैदानावर असता का? मला नाही वाटत.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त चटका लावतो. १९ फेब्रुवारी २०२०ला गोव्यानं जमशेदपूरला ५-० हरवून लीग शील्ड जिंकलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लोबेराला तीनच आठवड्यांपूर्वी नारळ दिला होता! तो मुंबई सिटीकडे गेला आणि पाठोपाठ मंदारही. त्यामुळे २०२१च्या एप्रिलमध्ये गोव्यानं चॅम्पियन्स लीगचे सामने फातोर्ड्यालाच खेळले, पण ती जागा मिळवून देणाऱ्यांतला हा एक जण तोवर दुसऱ्याच्या जर्सीत होता.

त्याच्या आदल्याच महिन्यात, १३ मार्च २०२१ला, मुंबईनं आयएसएलची फायनल जिंकली. एटीके मोहन बागानवर २-१, बिपिन सिंगचा ९०व्या मिनिटाचा गोल. कुठे? फातोर्ड्याला. कोविडमुळे सगळा हंगाम गोव्यातच, बायोबबलमध्ये. २०१५ मध्ये ज्या मैदानावर गच्च भरलेल्या स्टँडसमोर कप हातातून निसटला, त्याच मैदानावर मंदारच्या संघाला कप मिळाला, आणि बघायला स्टँडमध्ये कुत्रंसुद्धा नाही. नुसत्या रिकाम्या खुर्च्या. त्याच २०२०-२१च्या हंगामात तो आयएसएलमध्ये शंभर सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू झाला. कोणाला आठवतंय? क्विझमध्ये विचारा, लोक छेत्रीचं नाव घेतील.

११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये मुंबईनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिला विजय, दुसरा गोल भेकेचा. मंदार त्या संघातही होता. आणि ११ फेब्रुवारी २०२३ला मुंबईनं लीग शील्ड परत नक्की केलं ते गोव्याला ५-३ हरवून, पुन्हा फातोर्ड्यालाच. यावेळी स्टँडमध्ये माणसं होती... पण गोव्याची!

नंतर तो ईस्ट बंगालला गेला. जानेवारी २०२४ मध्ये सुपर कप जिंकून ईस्ट बंगालनं बारा वर्षांचा ट्रॉफीचा दुष्काळ संपवला, तेव्हाही हा तिथेच. मग २०२४ मध्ये चेन्नईयिन. होय, तेच चेन्नईयिन.

काल रात्री २०१५ची ती फायनल परत लावली. शेवटची पाच मिनिटं बघवत नाहीत म्हणून ८७व्या मिनिटाला बंद केली. गोवा २-१ पुढे होता.