किट तर बसलं, पण हमी कुणाची?

तर झालं असं. दोन-तीन वर्षांपूर्वी मी ऑनसाइट होतो, अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला. (विमा कंपन्यांचं गाव. आयटीतल्या बऱ्याच मराठी लोकांचा तिथे कधी ना कधी फेरा होतो.) माझ्या रूममेटने एक जुनी, व्ही-६ इंजिनाची स्पोर्ट्स कार घेतली होती. एके दिवशी साहेबांनी तिच्यासाठी चक्क ट्विन टर्बोचं किट मागवलं. भलंमोठं खोकं हॉलमध्ये येऊन पडलं.

"अरे, तू मेकॅनिकल ना? बसेल ना हे आपल्याला?"

डिग्री मिळाल्यापासून पाना हातात धरला नव्हता, पण आव आणून म्हणालो, "न बसायला काय झालं?"

चार वीकेंड लागले, पण बसलं. ईसीयूचं ट्यूनिंग पुढच्या पगाराला करू म्हणून किटबरोबर आलेल्या तयार फाइलवर भागवलं. पंधरा दिवस गाडी अशी काही पळाली की बस्स! मग एका रविवारी हायवेवर आतून टणटण आवाज आला, मागे निळा धूर, आणि खेळ खल्लास. पिस्टन फुटला होता.

नंतर, नेहमीप्रमाणे उशिरा, मी वाचायला बसलो. तेव्हा कळलं की हेच काम चोख करणारा माणूस आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, ओल्ड लाइम नावाच्या छोट्या गावात होऊन गेला.

आधी थोडी उजळणी. इंजिनात जितकी जास्त हवा जाईल तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात कोंबायची, हा झाला टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. व्ही आकाराच्या इंजिनाला सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि दोन्हीकडून धूर वेगळा निघतो. म्हणून प्रत्येक बाजूला एकेक छोटा टर्बो लावणं सोयीचं. शिवाय छोटी चाकं लवकर वेग घेतात.

ऐकायला सोपं आहे ना? गोम पुढे आहे. दाबलेली हवा तापते, आणि मग मिश्रण नको तेव्हा भडकतं. यालाच आपले मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोवाली गाडी आणली. तिचं कॉम्प्रेशन १०.२५ इतकं जास्त होतं. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडलं जायचं. त्याची टाकी मालकाने भरत राहायची. मालक अर्थातच विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा आणि लोक तक्रार घेऊन यायचे. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. युजर डॉक्युमेंटेशन वाचत नाही, हे गाडीवाल्यांना तेव्हाच कळलं होतं :)

आता ओल्ड लाइमचा माणूस. रीव्ह्ज कॅलवे. (गोल्फच्या काठ्यांवर हेच नाव दिसतं ना? ते याच्या वडिलांचं.) बीएमडब्ल्यू ३२०आय ही गाडी चांगली पण ताकदीला कमी, असं त्याला वाटलं आणि १९७७ साली त्याने आपल्या गॅरेजमध्ये तिच्यासाठी टर्बो किट बनवायला घेतलं. पुढे त्याने आल्फा रोमिओ जीटीव्ही६ ला दोन टर्बो लावले. ते काम शेवरोलेच्या लोकांच्या नजरेत भरलं, आणि १९८७ साली एक अजब गोष्ट घडली. शेवरोलेच्या डीलरकडे कॉर्व्हेट बुक करताना ऑर्डर फॉर्मवर 'बी२के' या कोडवर टिक केली, की केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात बनलेली गाडी थेट ओल्ड लाइमला जायची. गाडी सुमारे २८ हजार डॉलरची, आणि वर या एका टिकचे जवळपास २० हजार!

या पैशात काय मिळायचं? इंजिन बाहेर काढून उघडलं जायचं. फोर्ज केलेले मजबूत पिस्टन घालून कॉम्प्रेशन ७.५ पर्यंत खाली आणलं जायचं. दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर यायचे. गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला तर बूस्ट म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्याला तसाच ठेवून, जादा पेट्रोल सोडणारा 'मायक्रोफ्यूलर' नावाचा वेगळा कंट्रोलर जोडला जायचा. आपल्या भाषेत, लेगसी कोडला हात न लावता वर घातलेला रॅपर. २४० हॉर्सपॉवरचे ३४५ झाले.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते हे नाही. या गाड्या हमीसकट विकल्या जायच्या. कॅलवेने बदललेल्या भागांची हमी कॅलवेची, बाकी गाडीची शेवरोलेची. किट विकणारे तेव्हाही होते. काही बिघडलं तर मी बघतो, असं लिहून देणारे विरळा. आणि एकदा तसं लिहून दिलं की इंजिन उघडावंच लागतं, शॉर्टकट परवडत नाही.

२६ ऑक्टोबर १९८८ ला कॅलवेच्या 'स्लेजहॅमर' या खास कॉर्व्हेटने ओहायोच्या चाचणी ट्रॅकवर ताशी २५४.७६ मैल, म्हणजे ४१० किलोमीटर, वेग गाठला. चालक होता जॉन लिंगेनफेल्टर. जवळपास ९०० हॉर्सपॉवरची ही गाडी ट्रेलरवरून नव्हे, तर कनेक्टिकटहून रस्त्याने चालवत नेली होती आणि चालवतच परत आणली. आत एसी आणि रेडिओसुद्धा होता. माझ्या मते खरी परीक्षा त्या परतीच्या प्रवासाची होती.

१९९० मध्ये शेवरोलेने स्वतःचीच ३७५ हॉर्सपॉवरची झेडआर-१ कॉर्व्हेट आणली, आणि १९९१ नंतर बी२के बंद झालं. सगळ्या मिळून गाड्या झाल्या सुमारे ५००. कॅलवेचं निधन २०२३ साली झालं.

आमच्या किटमध्येही एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की इंजिनाचं काही झालं तर जबाबदारी बसवणाऱ्याची. तो मी वाचलाही होता, जसे आपण 'आय अॅग्री'वर क्लिक करण्याआधी वाचतो तसा.

असो. शेवटी गाडीत एक जुनं इंजिन घातलं, टर्बोशिवाय. त्याचे अर्धे पैसे मी दिले. तो नको नको म्हणत होता. पण "न बसायला काय झालं" हे वाक्य माझं होतं.