मनगटातला फिस्टुला आणि फुप्फुसांवरचा भार

डायलिसिसचा इतिहास सांगताना यंत्राचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात, जर्मन अमलाखाली, विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये फिरत्या पिंपाचं कृत्रिम मूत्रपिंड रुग्णांसाठी वापरलं. पण त्यावर वर्षानुवर्षं जगणं अशक्य होतं. दर वेळी नवी रोहिणी, नवी नीला उघडावी लागे आणि लवकरच जागा संपत. 1960 मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची कायमची नळी बसवली. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स पुढे अकरा वर्षं जगले. तरी नळी गुठळ्यांनी तुंबे, तिच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होई. मग 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटातली रोहिणी शेजारच्या नीलेला थेट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. नीला फुगते, जाड होते, तिच्यात पुन्हापुन्हा सुई घालता येते. हाच आपल्याकडच्या डायलिसिस सेंटरमधला फिस्टुला. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबाचा इतिहास या जोडापासून वाचायला हवा, असं मला वाटतं. कारण त्याची किंमत वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक होती, फक्त ती दुसऱ्याच खात्यात नोंदलेली होती.

ते खातं जखमांचं. लंडनच्या विल्यम हंटर यांनी 1757 मध्येच, रक्त काढताना पातं नीलेतून आरपार रोहिणीत घुसल्यावर होणाऱ्या अशा जोडाचं वर्णन केलं होतं. 1890 मध्ये ब्रॅनहॅम यांनी नोंदवलं, की गोळी लागून झालेला जोड दाबून धरला तर नाडी मंदावते. विसाव्या शतकात एमिल होल्मन यांनी प्रयोगांतून दाखवलं, की मोठा जोड हृदयाला ताणतो. कारण सरळ आहे. जोडातून मिनिटाला अर्धा ते एक लिटर, दंडातल्या जोडातून कधी त्याहूनही जास्त रक्त केशिकांना वळसा घालून हृदयाकडे परततं. फुप्फुसांना मात्र त्याला वळसा घालता येत नाही. जास्तीचा प्रत्येक थेंब तिथून जातो. आठवड्यातल्या डायलिसिसच्या मोजक्या तासांतच नव्हे, रात्रंदिवस.

तरी फुप्फुसांकडे लक्ष जायला जवळपास चार दशकं लागली. सुरुवातीचे रुग्ण तितकी वर्षं जगतच नव्हते. जे जगले त्यांना धाप लागली, तर ‘पाणी साठलंय’ हे उत्तर तयार असे, आणि बहुतेकदा ते बरोबरही असे. शिवाय फुप्फुसांतला दाब मोजायचा तर हृदयात नळी सारावी लागे; एवढ्यासाठी कोण तयार होणार? डॉपलर सोनोग्राफीने ही अडचण बरीच दूर केली. 2003 मध्ये हैफाच्या यिग्ला आणि सहकाऱ्यांनी हीमोडायलिसिसवरचे 58 रुग्ण तपासले, तेव्हा सुमारे 40 टक्क्यांमध्ये हा दाब वाढलेला आढळला. चार रुग्णांचा फिस्टुला फक्त मिनिटभर दाबून धरला, तर हृदयातून निघणारं रक्तही घटलं आणि फुप्फुसांतला दाबही उतरला. ब्रॅनहॅमचीच युक्ती, शंभराहून अधिक वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप असा, की निरोगी माणूस धावतो तेव्हा त्याची फुप्फुसं याच्या कित्येक पट जास्त रक्त सहज पेलतात. खरं आहे, पण ती पेलतात ती तिथल्या वाहिन्या सैलावतात म्हणून. हैफाच्याच पुढच्या कामात दाब वाढलेल्या रुग्णांमध्ये वाहिन्या सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड कमी आढळला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. डॉपलरचा आकडा हा अंदाज असतो, आणि प्रत्यक्ष नळी घालून मोजलं तर यातल्या अनेकांचा दाब हृदयाच्या डाव्या बाजूच्या ताठरपणामुळे किंवा साठलेल्या पाण्यामुळे वाढलेला निघतो. डायलिसिस सुरू होण्याआधीही तो दिसतो. म्हणून फिस्टुला हाच एकटा दोषी, असं मी म्हणणार नाही. शरीर ज्या भाराखाली आधीच वाकलंय त्यात तो भर घालतो, एवढाच माझा दावा आहे. डायलिसिसच्या यंत्रात रक्त गाळणाऱ्या पडद्यालाही यातून सोडता येत नाही: जुन्या सेल्युलोजच्या पडद्यांशी रक्ताचा संपर्क आला की पांढऱ्या पेशी फुप्फुसांत अडकतात, हे 1977 मध्येच अमेरिकेत दाखवलं गेलं होतं. हे पडदे पुढे मागे पडले. फिस्टुला मात्र टिकला, आणि तो टिकला ते योग्यच झालं. कारण त्याला मोठा पर्याय म्हणजे मानेतली नळी, आणि तिच्यातून होणारा रक्तातला जंतुसंसर्ग कितीतरी लवकर जीव घेतो.

खरा वाद आहे तो प्रत्यारोपणानंतरचा. नवं मूत्रपिंड चालू झालं तरी फिस्टुला बहुधा तसाच ठेवला जातो. न जाणो, पुन्हा लागला तर! अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, प्रत्यारोपणाला वर्ष उलटलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा फिस्टुला बांधून बंद केला त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वाढलेलं वजन सहा महिन्यांत उतरलं. ज्यांचा चालू ठेवला त्यांचं उतरलं नाही.