वही, वाद्यवृंद आणि ध्वनिफीत

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानमालिका दाखवली जात असे. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अनेक शिक्षकांना ती आठवत असेल. अंतराळयानाच्या कथा, टोकदार कानांचा स्पॉक आणि सुरुवातीचे ते शीर्षकसंगीत! यान पडद्यावरून झपकन निघून जाई आणि त्याबरोबर एक उंच, तरंगता स्वर ऐकू येई. तो कोणत्या वाद्याचा, असा प्रश्न आम्हालाही तेव्हा पडला होता. एखादे विजेवर चालणारे वाद्य असेल, असे वाटे. प्रत्यक्षात त्या स्वरात लूली जीन नॉर्मन या गायिकेचा शब्दाविना गायलेला आवाज वाद्यांमध्ये मिसळलेला होता.

या मालिकेचे संगीत पुढे तबकड्यांवर आले, पण ते दोन निरनिराळ्या रूपांत. १९८५मध्ये जीएनपी क्रेसेंडो या कंपनीने मालिकेच्या पहिल्या दोन चाचणी-भागांचे मूळ ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९८५-८६मध्ये, व्हारेझ साराबांद या दुसऱ्या कंपनीने मालिकेतले निवडक संगीत लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून पुन्हा वाजवून घेतले आणि त्याचे दोन खंड काढले. वाद्यवृंदाचे संचालन केले फ्रेड स्टायनर यांनी. मालिकेच्या संगीतकारांपैकी ते स्वतः एक होते.

मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध असताना तेच संगीत पुन्हा वाजवायचे कशासाठी? आणि पुन्हा वाजवलेले संगीत ‘तेच’ असते का? प्रश्न संगीताचा दिसतो, पण तो विज्ञानाच्या तासालाही शोभण्यासारखा आहे.

प्रयोगवहीशी तुलना

प्रयोगवहीत आपण साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान अशा क्रमाने लिहितो. कृती नीट लिहिलेली असेल तर दुसऱ्या शाळेतला, दुसऱ्या देशातला विद्यार्थीही तो प्रयोग करू शकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेले स्वरलेखन ही अशीच कृती असते. कोणते वाद्य, कोणता स्वर, किती काळ, किती जोरात हे सारे तिथे कागदावर असते. कागद जपला तर वादक बदलले तरी रचना पुन्हा उभी राहते.

मात्र कागद जपला गेला पाहिजे, आणि हॉलिवूडमध्ये तो नेहमीच जपला गेला नाही. एम.जी.एम. या मोठ्या स्टुडिओने १९७०च्या सुमारास जागा मोकळी करण्यासाठी आपल्या चित्रपटांच्या स्वरलेखनाचे भांडार चक्क कचऱ्यात टाकले. पुढे इंग्लंडमधले वाद्यवृंद संचालक जॉन विल्सन यांनी त्यातल्या अनेक संगीतिकांचे लेखन चित्रपट पुन:पुन्हा ऐकून, स्वर टिपून नव्याने तयार केले. २००९मध्ये ते संगीत लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजले. निकालावरून कृती शोधून काढण्याचा हा उद्योग किती कष्टाचा असेल, याची कल्पना प्रयोगवह्या तपासणाऱ्या शिक्षकांना सहज येईल.

‘स्टार ट्रेक’चे नशीब बरे होते. स्टायनर हे नुसते संगीतकार नव्हते, चित्रपटसंगीताचे अभ्यासकही होते. १९८३मध्ये त्यांनी या मालिकेच्या संगीतावर अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नियतकालिकात दीर्घ लेख लिहिला होता. अलेक्झांडर करेज, जेरल्ड फ्रीड, सॉल कॅप्लन, जॉर्ज ड्युनिंग यांच्यासारख्या संगीतकारांनी या मालिकेसाठी काम केले होते. दर भागासाठी नवे संगीत परवडत नसे. म्हणून एका भागासाठी मुद्रित केलेले तुकडे दुसऱ्या भागांत पुन्हा वापरले जात. ‘अमोक टाइम’ या १९६७च्या भागासाठी फ्रीड यांनी लिहिलेले द्वंद्वयुद्धाचे संगीत असेच अनेकदा ऐकू येते.

लंडनला जाण्याचे कारण

अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने पूर्वीपासून एक नियम करून घेतला होता. चित्रपटासाठी किंवा दूरचित्रवाणीसाठी वाजवलेले संगीत तबकडीवर विकायचे असेल, तर त्या वादकांना पुन्हा मोबदला द्यावा लागे. नियम न्याय्य होता. एकदा वाजवून घ्यायचे आणि जन्मभर विकत राहायचे, हे वादकांनी का सोसावे? पण थोड्या प्रती खपणाऱ्या जुन्या संगीतासाठी हा खर्च छोट्या कंपन्यांना जड जाई. त्यापेक्षा लंडनला किंवा स्कॉटलंडला जाऊन तेच संगीत नव्याने वाजवून घेणे अनेकदा सोयीचे ठरे.

परिणाम मात्र विचित्र झाला. वादकांच्या हिताच्या नियमामुळे त्यांचेच वादन कपाटात राहिले आणि समुद्रापलीकडच्या वादकांना काम मिळाले. मर्यादित प्रतींच्या आवृत्त्यांसाठी हे नियम पुढे काहीसे सैल झाले. २०१२मध्ये ला-ला लँड या कंपनीने ‘स्टार ट्रेक’चे मूळ ध्वनिमुद्रण तब्बल १५ तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केले. त्यामुळे मूळ आणि नवे शेजारी ठेवून तुलना करणे आज शक्य आहे.

काय बदलते?

पहिला फरक वादकांच्या संख्येचा. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात साधारण दोन-अडीच डझन वादक बसत. पूर्ण सिम्फनी वाद्यवृंदात मात्र नव्वदपर्यंत वादक असू शकतात. समजा, ८ व्हायोलिनांच्या जागी १६ घेतली, तर आवाज दुप्पट मोठा वाटेल का? नाही. ध्वनीची तीव्रता दुप्पट होते, म्हणजे पातळी सुमारे ३ डेसिबलनेच वाढते. आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची, म्हणजे तीव्रतेत दहापट वाढ लागते. मग एवढे वादक घेऊन काय साधते? पोत बदलतो. प्रत्येक वादकाचा स्वर शेजाऱ्याच्या स्वराहून किंचित वर-खाली असतो. असे अनेक स्वर मिसळले की आवाज मऊ आणि भरीव होतो. आठ वादकांत जी धार असते, ती सोळांत राहत नाही. म्हणून मोठा वाद्यवृंद म्हणजे अधिक चांगला वाद्यवृंद, असे समीकरण मांडता येत नाही.

‘द ट्वायलाइट झोन’ या १९५९मध्ये सुरू झालेल्या मालिकेचे उदाहरण पाहा. तिच्यासाठी बर्नार्ड हरमन यांनी मुद्दाम थोड्या वाद्यांचे संगीत लिहिले. ‘वॉकिंग डिस्टन्स’ या भागाचे संगीत केवळ तंतुवाद्ये आणि हार्प यांच्यावर उभे आहे. १९९९मध्ये जोएल मॅकनीली यांच्या संचालनाखाली हरमन यांचे या मालिकेतले संगीत नव्याने मुद्रित झाले. अशा संगीतात वाद्ये वाढवणे म्हणजे साहित्याच्या यादीत नसलेले रसायन प्रयोगात घालण्यासारखे होईल.

दुसरा फरक काळाचा. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला १४४० चौकटी. संगीत दृश्याशी नेमके जुळावे म्हणून फितीच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक चौकटींच्या अंतराने भोके पाडत. फीत फिरली की वादकांच्या कानावरच्या श्रवणयंत्रात ‘टिक्, टिक्’ ऐकू येई. दर १२ चौकटींना एक भोक असेल तर मिनिटाला किती ठोके? १४४० भागिले १२, म्हणजे १२०. नव्या ध्वनिमुद्रणात समोर चित्र नसते, त्यामुळे हे बंधनही नसते. संचालक श्वास घेऊ शकतो, शेवटचा स्वर विरू देऊ शकतो. संगीताला मोकळीक मिळते. पण ज्या घाईतून ते जन्मले, ती घाई नाहीशी होते.

तिसरा फरक ऐकण्याच्या साधनांचा. मूळ संगीत एका वाहिनीवर मुद्रित होई आणि दूरचित्रवाणी संचाच्या छोट्याशा ध्वनिक्षेपकातून, संवादांच्या खालून ऐकू येई. नव्या मुद्रणात डावे-उजवे वेगळे होते आणि मधल्या वाद्यांनी काय वाजवले तेही कळते. काही बाबतींत, संगीतकाराने कागदावर काय लिहिले होते हे प्रेक्षकांना प्रथम नव्या मुद्रणातूनच समजले.

जे कागदावर नव्हते

इथवर वाटेल की कागद असला म्हणजे सारे असते. पण तसे नाही. ‘स्टार ट्रेक’च्या शीर्षकात यान जाताना येणारा ‘हूश्श’ असा आवाज करेज यांनी स्वतः तोंडाने काढला होता. तो कोणत्या स्वररेषेवर लिहिणार? ‘ट्वायलाइट झोन’ची सर्वांना ठाऊक असलेली धूनही अशीच. ती १९६०पासून वापरात आली. मारियुस कॉन्स्टाँ यांनी संगीतसंग्रहासाठी लिहिलेले दोन वेगवेगळे छोटे तुकडे जोडून ती तयार केलेली आहे. म्हणजे ती धून कागदावर नव्हे, जोडणीत जन्मली.

सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिची धून रॉन ग्रेनर यांनी कागदावर लिहिली. पण ती वाजवली कोणीच नाही! बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायर यांनी डिक मिल्स यांच्या मदतीने ती अक्षरशः बांधली. डर्बिशायर केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेल्या होत्या. छेडलेल्या एका तारेचा आवाज, आंदोलक यंत्रांचे स्वर आणि गाळून घेतलेला खरखराट हे त्यांचे साहित्य. हे आवाज फितीवर घ्यायचे, हव्या त्या स्वरासाठी फीत वेगळ्या वेगाने फिरवायची, हव्या त्या लांबीचा तुकडा कात्रीने कापायचा आणि चिकटवायचा. स्वरामागून स्वर असा हा उद्योग चालला.

यातले गणित सोपे आहे. फीत दुप्पट वेगाने फिरवली की वारंवारता दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो; पण त्याचा काळ निम्मा होतो. एका सप्तकात समान अंतराचे १२ टप्पे धरले, तर एक टप्पा चढण्यासाठी वेग सुमारे १.०५९५ पट करावा लागतो. ही संख्या १२ वेळा गुणून पाहा, उत्तर २च्या अगदी जवळ येईल. आजच्या मोबाइलवर वेग वाढवला तर बहुधा स्वर बदलत नाही, कारण आतली संगणकीय आकडेमोड स्वर आणि काळ वेगळे करते. फितीला ते जमत नसे.

धून ऐकून ग्रेनर इतके चकित झाले की डर्बिशायर यांना सहसंगीतकाराचे श्रेय मिळावे, असे त्यांना वाटले. बीबीसीच्या तेव्हाच्या नियमांत ते बसत नव्हते. २००५मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा मरे गोल्ड यांनी धूनीला वाद्यवृंदाची जोड दिली, आणि २००८मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या मालिकेच्या संगीताची खास मैफलही झाली. डर्बिशायर २००१मध्ये वारल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले ते २०१३मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात.

इथे आमच्या मते खरी अडचण दिसते. कागदावरून पुन्हा वाजवले की लिहिणाऱ्याचे काम जिवंत होते. वाजवणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, फीत कापणाऱ्याचे काम मात्र त्यात उरत नाही. त्यासाठी मूळ फीतच लागते. आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत लिहून छापल्या, म्हणून त्या टिकल्या. पण गायकाने त्या कशा गायल्या, हे लिपीतून पुरते कळत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका गटाने टाळ्या आणि बाकावरचे ठोके यांची अर्ध्या मिनिटाची रचना करावी, ती मोबाइलवर मुद्रित करावी आणि आपल्या मनाच्या खुणांनी कागदावर लिहावी. तो कागद दुसऱ्या गटाला द्यावा. त्यांनी मूळ न ऐकता ती वाजवावी. मग दोन्ही मुद्रणे ऐकून वहीत दोन रकाने करावेत: कागदातून काय पोचले, काय पोचले नाही. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे, पहिल्या गटात ती कोणी केली होती, त्या मुलाचे किंवा मुलीचे नावही लिहायला सांगा.