‘ओसाड’ लिहिण्याआधी : रेवदंड्याचा कोट कसा वाचायचा?

सोडून दिलेल्या जागांचं एक वेगळंच आकर्षण असतं. बंद पडलेलं हॉटेल, गवतात हरवलेलं गोल्फचं मैदान, त्याच्या कडेला छप्पर उडालेलं क्लबहाऊस... अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यांची गोष्ट ठरलेली असते : इथे एकेकाळी साहेबलोक होते, मग ते गेले, मग झाडं आली. संपलं.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही अशा जागी गेलात तर वेगळं काय कराल? माझं उत्तर सोपं आहे. ‘ही जागा सोडून दिली’ या वाक्यातला कर्ता शोधा. कोणी सोडली? कधी? आणि सोडली नाही असं कोण होतं? रायगडच्या किनाऱ्यावरचं रेवदंडा हे उदाहरण घेऊन हे बघूया.

आधी जागा समजून घ्या

अलिबागच्या दक्षिणेला साधारण १७ किलोमीटरवर कुंडलिका नदीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर काठावर रेवदंडा आणि समोर, दक्षिणेला, कोर्लईचा डोंगर. रेवदंड्याला लागून चौल. चौल हे फार जुनं बंदर आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘सेमुल्ला’ या नावाने येतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रशियन व्यापारी अफनासी निकितीन १४६९च्या सुमारास इथेच उतरला होता.

पोर्तुगीजांनी १५२१मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. हळूहळू तटाच्या आत एक अख्खं शहर उभं राहिलं : कॅथेड्रल, जेझुइट, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि ऑगस्टिनियन पंथांचे चर्च आणि मठ, शिवाय श्रीमंतांची घरं. १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशहाने मोठा वेढा घातला, पण शहर पडलं नाही. १५९४मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगरही घेतला.

आज तुम्ही रेवदंड्यात शिरता तेव्हा गावातला रस्ताच तटाला छेदून आत जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, विहिरी. आणि वाड्यांच्या मधेच कुठे एखादी कमान, कुठे चर्चची भिंत, कुठे कोरीव दगड. सेंट बार्बराच्या फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे, वरचे मजले मात्र पडलेत. गावात त्याला ‘सातखणी’ म्हणतात. बघा, संताचं नाव गेलं आणि लोकांनी मजले मोजून नवं नाव दिलं! हे नाव तुमच्या वहीत पहिल्या पानावर जायला हवं. जागा खरंच ओसाड असती, तर तिला नवं नाव ठेवलं कोणी असतं?

कधी सोडली? एक तारीख पुरत नाही

बहुतेक पुस्तकांत १७४० ही तारीख मिळेल. ती चूक नाही. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षीच्या तहात पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात दिले. अधिकारी, शिपाई आणि पाद्री निघून गेले.

पण ही सत्तेची तारीख झाली. व्यापाराची तारीख वेगळी आहे. १६२२मध्ये होर्मुझ पोर्तुगीजांच्या हातून गेलं, तेव्हा पश्चिमेकडच्या व्यापाराला मोठा धक्का बसला. १६६८मध्ये मुंबई इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि काही तासांच्या जलप्रवासावर एक प्रतिस्पर्धी बंदर वाढू लागलं. चौल रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले विणकर मुंबईकडे जाऊ लागले. म्हणजे झेंडा उतरण्याच्या कितीतरी आधी माग उठले होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच जागेला व्यापारी एका वर्षी सोडतात, कारागीर दुसऱ्या, सैन्य तिसऱ्या. प्रत्येकाची कारणं वेगळी आणि मागे राहणारी कागदपत्रंही वेगळी. सैन्य गेलं की तह लिहिला जातो. विणकर गेला तर त्याची नोंद, झालीच तर, तो जिथे पोहोचला तिथल्या दप्तरात सापडते. त्यामुळे चौलच्या विणकरांचा शोध मुंबईत घ्यावा लागतो.

आणि जे गेलेच नाहीत?

आता खाडी ओलांडून कोर्लईला या. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज गेले तेव्हा ज्यांच्याकडे जायला साधन आणि ठिकाण होतं ते गेले. गरीब स्थानिक ख्रिस्ती राहिले. ते आपसात जी भाषा बोलतात तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून तयार झालेली ही क्रिओल भाषा आहे. शब्द बरेचसे पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिच्यावर केलेला अभ्यास १९९६मध्ये पुस्तकरूपाने आला.

विचार करा. पोर्तुगीज सत्ता संपून पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली आणि भाषा अजून बोलली जाते. का टिकली? धर्म वेगळा, लग्नसंबंध आपसातच, वस्ती एका बाजूला. एका छोट्या गटाचं वेगळेपण हेच भाषेचं कुंपण झालं. शाळा मराठी झाली, खाडीवर पूल झाला, नोकऱ्या बाहेर मिळू लागल्या आणि ते कुंपण सैल होत गेलं. आता बोलणाऱ्यांची संख्या जेमतेम हजाराच्या आत आहे.

म्हणजे रेवदंड्यात दगड राहिले आणि कोर्लईत माणसं. फक्त दगड बघून परत आलात, तर तुमच्या निबंधात साहेब येतील आणि जातील. राहिलेली माणसं त्यात येणारच नाहीत.

वाडी हाही पुरावाच

गर्सन द कुन्हा हे पेशाने डॉक्टर. त्यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर १८७६मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे १८८३मध्ये कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियर आलं. दोन्ही वाचाच. तेव्हा कोणती भिंत उभी होती आणि आज कोणती नाही, ही तुलना केलीत तर अवशेषांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

पण या लेखकांचं लक्ष चर्चवर, शिलालेखांवर, तोफांवर आहे. वाडी त्यांच्यासाठी मागचा पडदा. तुम्ही उलट करून बघा. वाडीचं कुंपण कोणत्या दगडाचं आहे? विहीर जुनी की नवी? सातबारा आणि जुने फेरफार काय सांगतात? या किल्ल्याला ‘आगरकोट’ही म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग किंवा मिठागर, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. हे नाव कोणत्या कागदात पहिल्यांदा येतं, एवढा एक प्रश्न घेऊनही एखादा छान शोधनिबंध होईल.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. तुम्ही ‘ओसाड किल्ला’ लिहिलंत, तर पुढचा अभ्यासक तुमचा संदर्भ देऊन आत राहणाऱ्यांना ‘अतिक्रमण करणारे’ म्हणू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या पोफळी शिंपणारं कुटुंब मग वारशातली अडचण ठरतं. वारसा जपायलाच हवा, त्यात वाद नाही. पण आपल्या एका विशेषणाने कोणाच्या हक्काचा प्रश्न निकालात निघत असेल, तर ते वापरण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा.

आराखड्यात काय लिहाल?

अशा जागेवर काम करायचं असेल तर क्षेत्रभेटीआधी एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात जागेशी संबंध असलेले गट : राज्यकर्ते, व्यापारी, कारागीर, धर्मसंस्था, शेतकरी, मच्छीमार. दुसऱ्यात ते कधी आले, तिसऱ्यात कधी गेले की राहिले, चौथ्यात हे कशावरून म्हणता. चौथा रकाना सगळ्यात जास्त कोणासमोर रिकामा राहतो ते बघा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच असतो.

आणि प्रत्यक्ष गेल्यावर? वाडीत शिरण्याआधी विचारा, ती कोणाची तरी आहे. सातखणीवर चढू नका. फोटो काढून झाले की वाडीवाल्या काकांशी पाच मिनिटं बोला आणि ते कोणत्या अवशेषाला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्या. त्याच दिवशी वेळ असेल तर पूल ओलांडून कोर्लईलाही जाऊन या.