घोट्यात दुसऱ्याचं हाड? गोष्ट १८८० पासूनची

घोट्याचा सांधा जोडण्याच्या म्हणजे फ्युजनच्या ऑपरेशनमध्ये बोन बँकेतलं हाड लागेल असं सांगितलं, की तुमचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, दुसऱ्याचं हाड माझं शरीर स्वीकारेल का?" किडनी नाकारली गेल्याचं ऐकलेलं असतं, त्यामुळे ही भीती रास्तच आहे. पण हाडाचं गणित वेगळं आहे.

१८८० साली ग्लासगोत विल्यम मॅकिवेन या सर्जनकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचं बरंचसं हाड गेलं होतं. त्या शहरात तेव्हा मुडदूस फार. मुलांचे वाकडे पाय सरळ करताना नडगीतून हाडाच्या पाचरी कापाव्या लागत. मॅकिवेननी त्याच पाचरींचे बारीक तुकडे करून या मुलाच्या दंडात बसवले. हाड जुळलं, हात कामाचा झाला.

ते तुकडे जगले की मेले, यावर मात्र पुढे बराच वाद झाला. १९१४ मध्ये शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी वर्णन केलं, की बसवलेलं मृत हाड हळूहळू पोखरलं जातं आणि त्या जागी रुग्णाचंच नवं हाड तयार होतं. म्हणजे दात्याचं हाड ही फक्त परांची. आज तर त्यातल्या पेशी, मज्जा आधीच धुऊन काढतात, म्हणून किडनीसारखी आयुष्यभराची औषधं लागत नाहीत.

मग प्रश्न उरला साठवणुकीचा. १९४२ मध्ये हवानाच्या अल्बर्टो इन्क्लान यांनी थंड करून साठवलेल्या हाडांचे अनुभव छापले, १९४९ मध्ये अमेरिकन नौदलाची टिश्यू बँक निघाली. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची बँक १९८८ पासून आहे. तिथे हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

लहान फटीसाठी मी तुमच्याच कमरेचं हाड पसंत करतो, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण घोट्यातलं टॅलस हाड खचलं असेल किंवा बसवलेला कृत्रिम घोटा काढावा लागला असेल, तर मोठा खड्डा पडतो. तो न भरता सांधा जोडला तर पाय आखूड होतो. अशा वेळी दुसऱ्या कुणाचा खुबा बदलताना काढलेलं, मांडीच्या हाडाचं चेंडूसारखं टोक कामी येतं. ग्लासगोच्या पाचरींसारखंच, एरवी टाकून दिलं जाणारं.

एवढ्या मोठ्या तुकड्यात तुमच्या रक्तवाहिन्या शिरायला महिनोन् महिने लागतात, आणि काही वेळा त्या पुरत्या पोहोचतच नाहीत. मधुमेह आणि तंबाखू असेल तर हा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनची तारीख देण्याआधी मी साखरेचा रिपोर्ट मागतो आणि विडी-सिगारेट बंद झाली का ते विचारतो. राग मानू नका.