एडिसन नावाचं यंत्र

"विजेच्या दिव्याचा शोध कोणी लावला?" शाळेत सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हा प्रश्न आला की आम्ही डोळे मिटून 'एडिसन' लिहून मोकळे व्हायचो. एका शब्दाचं उत्तर आणि एक मार्क हमखास. पुढे इकडचं तिकडचं वाचत गेलो, आणि त्या एका मार्काची गंमत वाटायला लागली.

विजेवर दिवा लावायची धडपड एडिसनच्या आधी कित्येक वर्षं चालू होती. इंग्लंडात न्यूकॅसलचा जोसेफ स्वान फार आधीपासून कार्बनच्या तंतूशी झगडत होता. पण स्वानला घरोघरी कोणी ओळखत नव्हतं. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ करून दाखवला होता आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'मेन्लो पार्कचा जादूगार' करून टाकलं होतं.

सप्टेंबर १८७८ मध्ये या जादूगाराने न्यूयॉर्कच्या 'सन'च्या बातमीदाराला सांगून टाकलं, की विजेच्या दिव्याचा प्रश्न सुटला! बातमीने गॅस कंपन्यांचे शेअर गडगडले. ऑक्टोबरात एडिसनची कंपनी उभी राहिली, जे. पी. मॉर्गनच्या पेढीच्या वर्तुळातून पैसाही आला.

मेख एवढीच, की प्रश्न सुटलेला नव्हता. हातात होता तो प्लॅटिनमच्या तारेचा दिवा, आणि तो फार वेळ टिकत नसे. भेटायला आलेल्यांना तो जरा वेळ दाखवायचा आणि विझवायचा. खरोखर आशा वाटावी असा दिवा, म्हणजे जाळून कार्बन केलेल्या सुती दोऱ्याचा, हाती लागला ऑक्टोबर १८७९ मध्ये. म्हणजे आधी घोषणा आणि वर्षभराने शोध.

मग एडिसन नुसता जाहिरातबाजच होता का? तसं म्हणणंही सोपं उत्तर झालं, पुन्हा एका मार्काचं. त्याने एक गोष्ट ओळखली होती: नुसता दिवा करून भागत नाही. घरोघरी वीज न्यायची तर तांब्याच्या तारा लागणार, आणि तांबं महाग. अप्टन नावाच्या त्याच्या गणितज्ञाने आकडेमोड केली. तंतूचा विद्युतरोध जास्त ठेवला तर प्रवाह कमी लागतो, आणि बारीक तारांवर काम भागतं. मग जनित्र, जमिनीखालच्या तारा, फ्यूज, मीटर, सगळंच उभं करावं लागलं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं, सुमारे ४०० दिवे लागले. इंग्लंडात मात्र स्वानशी भांडण्यापेक्षा हातमिळवणी बरी, असं ठरलं आणि १८८३ मध्ये दोघांची एकत्र कंपनी निघाली.

त्याच प्रसिद्धीची दुसरी बाजूही बघा. वेस्टिंगहाउसचा एसी प्रवाह किती घातक आहे हे दाखवण्यासाठी १८८८ मध्ये एडिसनच्याच प्रयोगशाळेत कुत्र्यांना शॉक देऊन मारण्यात आलं. शेवटी जिंकला तो एसीच. १८९२ साली कंपनीचं विलीनीकरण होऊन 'जनरल इलेक्ट्रिक' झाली, तेव्हा नावातून एडिसनच गळाला. ज्याचं नाव हेच भांडवल, त्याचंच नाव!

आता हे जुनंपुराणं कशाला उगाळायचं? कारण २००३ साली एलिझाबेथ होम्स नावाच्या १९ वर्षांच्या मुलीने थेरॅनॉस ही कंपनी काढली. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्या, असा दावा. आणि यंत्राला नाव काय दिलं? 'एडिसन'! २०१५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने पितळ उघडं पाडलं. बहुतेक तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ती दोषी ठरली आणि ११ वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मला अस्वस्थ करतं ते हे, की १८७८ चा एडिसन आणि थेरॅनॉस यांची सुरुवात फारशी वेगळी नाही. नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगायची, त्यावर पैसा उभा करायचा आणि रात्रंदिवस राबून तो शब्द खरा करायला धडपडायचं. दोरा जळून तुटत राहिला असता तर एडिसनलाही आपण लबाडच म्हटलं असतं ना? यशाने त्याचं खोटं धुऊन निघालं, इतकंच.

तरी एक फरक उरतोच. दिवा लागला की नाही हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं. १८७९ च्या शेवटच्या रात्री लोक मेन्लो पार्कला जाऊन ते बघून आले. रक्ताचा रिपोर्ट खरा की खोटा, हे रोग्याला कसं कळणार? एडिसनची थाप फसली असती तर सावकारांचे पैसे बुडाले असते. इथे चुकीचे रिपोर्ट आजारी माणसांच्या हातात पडले.

म्हणून हल्ली कोणी नवा जादूगार स्टेजवर उभा राहिला की 'हा खरा की खोटा' हे मी विचारत नाही. ते त्यालाही ठाऊक नसेल. मी विचारतो, याचं म्हणणं तपासायची सोय आपल्याला आहे का, आणि ते खोटं ठरलं तर भुर्दंड कोण भरणार?

असो. परीक्षेत मात्र 'एडिसन'च लिहा, मार्क त्यालाच मिळतो. जमलं तर समासात बारीक अक्षरात 'आणि स्वान' एवढं लिहून ठेवा.