पोवाडा गाऊन शिकवावा

आपल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. भीमगीते मुलांना तोंडपाठ. पण आम्ही सहज विचारले, "महाडचा सत्याग्रह कधी झाला रे?" तर सगळे गप्प! चाल ठाऊक, साल ठाऊक नाही. तेव्हा आम्ही पोवाड्याकडे वळलो.

पोवाड्यात थांबायची सोय असते. शाहीर डफावर थाप मारून एक चौक गातो, मागे झीलकरी 'जी जी' करीत सूर धरतात. मग शाहीर थांबून साध्या बोलीत पुढचा प्रसंग सांगतो. म्हणजे वर्गच की हा!

प्रथम घेतला अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा. प्रसंग १६५९ चा. नंतर महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर रचलेला. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून त्यांनी मोठाले संस्कृत शब्द टाळले. प्रस्तावनेतच तसे सांगितले आहे. राजा तोच, पण इथे तो शेतकऱ्यांचा. एका मुलीने विचारले, "मग खरं कुणाचं?" या प्रश्नासाठीच तर सारा खटाटोप! आम्ही म्हटले, कोण गातो, कुणासाठी गातो, ते आधी बघ.

बाबासाहेबांच्या चळवळीत हे काम जलशांनी केले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला, गवळणीला रजा दिली आणि शिक्षणाची, समतेची गाणी खेड्यापाड्यांत नेली. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आजी-पणजीला चळवळ कळली ती अशी, कानाने.

आपल्या गल्लीतले एक आजोबा तरुणपणी गायन पार्टीत डफ वाजवीत. ते वर्गात आले. त्यांची गाण्यांची वही घर बदलताना रद्दीत गेली; घरच्यांना ती जुनी वही वाटली. आठवेल तेवढे आजोबा गातात, मुले लिहून घेतात. मधला चौक आठवला नाही की आजोबा खिडकीबाहेर बघत बसतात.

आता मुले स्वतः महाडचा पोवाडा रचताहेत. पहिल्या चौकात २० मार्च १९२७, चवदार तळ्याचे पाणी. दुसऱ्यात परतणाऱ्या लोकांना झालेली मारहाण आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण'. इथे मुले चिडली, यमकबिमक विसरली! तिसरा अडला आहे, कारण कोर्टाचा अंतिम निकाल लागला १९३७ साली. दहा वर्षे एका चौकात बसवायची कशी?

दोन चौक वर्धापनदिनी ऐकायला मिळतील. कुणाच्या घरी पेटीत, माळ्यावर जुनी गाण्याची वही असेल तर रविवारी घेऊन यावे. उतरवून लगेच परत करू.